शिराजला दिलेलं औषध

अप्पा, मी ऑस्ट्रेलियाला निघाले त्या दिवशी नाशिकच्या द्वारका चौकात बसच्या एका बाजूला तुम्ही उभे होतात, दुसऱ्या बाजूला नानाकाका. सख्खे भाऊ, मधे अख्खी बस. काकांनी माझी बॅग डाव्या हातानं वर चढवली, कारण उजव्याला अजून बँडेज होतं. तुम्ही तिकडे बघितलंही नाहीत. मी खिडकीत बसून रडले. लोकांना वाटलं, पोरगी घर सोडून चाललीय म्हणून रडतेय.

पाच वर्षं झाली. इथल्या वायनरीत मी टँक धुते, शिफ्टचं रोस्टर लावते. इथल्या शिराजचे, वाइनच्या काळ्या द्राक्षांचे, मणी वाटाण्याएवढे. वाइनला बारीकच लागतात, आपलेही तसेच हवे होते. पेठच्या पुढं, गुजरातच्या हद्दीला लागून तुम्ही चार एकर घेतलीत. पलीकडे दारूबंदी, अलीकडे आपली वायनरी, म्हणून आपलं सगळं सायखेडा गाव हसायचं. आपण पिढीजात खायच्या द्राक्षांचे लोक. मणी फुगवायचे, एवढंच मला ठाऊक.

त्या वर्षी तुम्ही काविळीनं महिनाभर दवाखान्यात होतात. ते बारीक मणी बघून माझा जीव खालीवर व्हायचा. तुम्ही शाबासकी द्याल म्हणून मी काकांना न विचारता त्यांच्या कपाटातून मणी फुगवायचं औषध आणलं, पाण्यात कालवलं आणि बायका लावून घड न् घड त्यात बुडवला. मी, अप्पा. काकांनी नाही.

मणी टरारले, एकमेकांना चेपून फुटले, आतून कुजले. तुम्ही दवाखान्यातून थेट मळ्यात आलात. काका तिथेच होते, त्यांच्या औषधाचा रिकामा डबा बांधावर. "माझ्या मुळावर उठला तू!" असं ओरडत तुम्ही त्यांना लोळवलंत, लाथा घातल्यात. त्यांनी हात आडवा धरला, तर त्यावर छाटणीची कात्री चालवलीत. दोन बोटं मातीत पडलेली मी बघितली. मग कोयता घेऊन तुम्ही वेली तोडत सुटलात. काका एकदाही 'मी नाही केलं' म्हणाले नाहीत. मी तर तोंडच उघडलं नाही. तुमच्या हातातल्या कोयत्याला मी भ्याले.

गेल्या रविवारी काकांना फोन करून सगळं सांगितलं. ते हसले.

"मला तवाच कळलं व्हतं, बाई. डबा माझ्याच कपाटातून नेला तू. पर त्याच्या डोळ्यांत रगत उतरलं व्हतं. तुझं नाव घेतलं असतं तर जित्ती ठिवली नसती त्यानं. आता बी सांगू नको."

मी त्यांच्यावर ओरडले, वाट्टेल ते बोलले आणि फोन भिंतीवर आपटला. हात तुमचाच आलाय मला.

इथे कोणी अंगावर येत नाही. काहीही बिघडलं तरी 'नो वरीज' म्हणतात. घर कुठलं विचारलं की मी नाशिक सांगते. खरं तर जिथे माझा मार बाकी आहे, ते माझं घर. दिवाळीआधी येते. त्याआधी काकांच्या दारात जा, त्यांचे पाय धरा. थोरल्यानं धाकट्याचे पाय धरायचे नसतात, मला कळतं. तरी धरा. मग मी आले की माझं काय करायचं ते करा.