कॅसेटवर दाबलेला तळवा

आमचं गाव चुनखडीच्या खाणीत गेलं ते एका उन्हाळ्यात, मी चौथीत असताना. त्याच उन्हाळ्यात माझ्या मोठ्या भावाने, सुमेधदादाने, गडचांदूरच्या बाजारातून टीव्हीला जोडायचा गेम आणला.

आम्ही तेव्हा खाणीपलीकडच्या पत्र्याच्या घरांत नुकतेच आलो होतो... तापलेला पत्रा, अडॅप्टरचं गरम प्लास्टिक आणि सगळ्यावर बसणारी पांढरी भुकटी, यांचा मिळून एक वास होता, तो अजून नाकातून गेलेला नाही. कॅसेट एकच, रणगाड्यांची. विटांच्या भिंती फोडत शत्रू खाली येत आणि आपण तळाचा झेंडा राखायचा. पण खेळण्याआधी एक रिकामी पाटी मिळे, तिच्यावर विटा, पाणी, झाडं आपल्या मनाने मांडता येत. दादाने तिच्यावर गाव मांडलं — विटांची घरं, विहारापुढचा हिरवा पिंपळ, निळा नाला. गावाचा फोटो कुणाकडेच नव्हता.

बाबा मागे खाटेवर बसून चुका काढत.

"विहीर तिथी नाई रे. बौद्धपुऱ्यातून निघालं का उजव्या हाताले."

"बाबा, उजव्या हाताले तं आत्याचं घर हाये."

"मंग तिले सरकव. तशीबी लय जागा अडवून बसली होती."

कॅसेटमध्ये काही साठत नसे. बटण बंद केलं की गाव पुसलं जाई, दुसऱ्या दिवशी दादा पुन्हा मांडी. दुपारी खाणीचा भोंगा होई, मग सुरुंग उडत, घर हादरे, खाचेतली कॅसेट हले आणि पडद्यावर नुसत्या रेघा येत. म्हणून घरात रीतच पडली: भोंगा वाजला की आई मांडणीवरची भांडी धरी, मी कॅसेटवर तळवा दाबून बसे.

हळूहळू शेजारी येऊ लागले. "माहं घर कुठी हाये, दाखव ना बापा," म्हणत म्हाताऱ्या बाया पडद्याला बोट लावत, आणि काचेवर त्यांच्या बोटांचे पांढरे ठसे राहत.

गावातल्या खऱ्या पिंपळाच्या अंगाला सुरुंग लावले त्या दुपारी घर माणसांनी भरलं होतं. भोंगा वाजला. मी तळवा दाबला. हादरा नेहमीपेक्षा मोठा होता. तळवा होता तिथेच होता, तरी पडद्यावर रेघा आल्या.



"उद्या मांडजो," बाबा दादाला म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून दादा खाणीत कामाला लागला, डंपरवर. गेम खोक्यात गेला.

आता तशाच रणगाड्यांचा एक गेम मोबाईलवर फुकट मिळतो. रणगाडे चकचकीत आहेत, मधूनमधून जाहिराती येतात. रिकामी पाटी तेवढी त्यात नाही. जुना गेम पुन्हा निघायला हवा — मोठ्या पाटीचा, मांडलेलं जपून ठेवणारा. आमच्याकडे तो खोक्यातून निघायलाच उशीर झाला.

यंदाच्या उन्हाळ्यात दादाने खोकं उघडलं. गेम चालू झाला. आम्ही दोघांनी घरं मांडली, विहार मांडला, नाला मांडला. विहीर आत्याच्या घराच्या अलीकडे, असं दादा म्हणाला. पलीकडे, असं मी म्हणाले. दादाने सवयीने मागे खाटेकडे पाहिलं. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली आहेत.

बटण बंद केलं तेव्हा विहिरीची जागा रिकामी होती.