कजलियांचे गहू

ती घटना मनात येते, तेव्हा प्रथम कृतज्ञताच दाटून येते. जबलपूर जिल्ह्यात सिहोऱ्याकडील एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. जवळच्या गावी शेतकऱ्यांची सहकारी संस्था होती. प्रत्येक सभासद निवडक गव्हाचे बियाणे तिच्या गोदामात ठेवी. कार्तिकात पेरणीसाठी पोती उघडली, तर आत जुना, किडका गहू! कोणाच्याच घरी दुसरे बियाणे नव्हते.

खबर आली, की हे काम जुन्या व्यवस्थापकाचे. आषाढातील सभेत त्यांना दूर करून अध्यक्षांच्या मेहुण्याला नेमले होते. जाण्यापूर्वी त्यांनी माल बदलला, असा आरोप. हे गृहस्थ विदर्भातून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबातले. चौकशीत एवढेच म्हणत, “साहेब, किल्ली भरसभेत देल्ली मी. आपल्याच गावचं बियाणं काहून विकीन?” गावाने त्यांच्याशी बोलणे टाकले होते. सभासद संस्था मोडण्याची भाषा करीत होते.

पंचनाम्याच्या वेळी गोदामापाशी स्त्रिया जमल्या. एक वृद्धा हवालदाराला म्हणाली, “काए भैया, सावन में यही गेहूँ कैसा लहलहाया था! अब पुलिस आई है सूँघने।”

“सूँघ लेने दो, काकी, तनखा इसी की मिलती है,” दुसरीने भर घातली.

मी थबकलो. तिकडे श्रावणात स्त्रिया पानांच्या द्रोणांत गहू रुजवतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी ते अंकुर, म्हणजे कजलिया, एकमेकांना देऊन थोरांचे आशीर्वाद घेतात. या गावाची रीत अशी, की त्यासाठी गोदामातील प्रत्येक पोत्यातून मूठभर गहू घ्यायचा. त्यात सर्व घरांचा अंश यावा. अंकुर खुंटणे अशुभ, म्हणून साऱ्याजणींना पक्के स्मरत होते: त्या वर्षी एकही द्रोण खुरटा राहिला नव्हता.

श्रावणात बियाणे उत्तम होते, आणि किल्ली तेव्हा मेहुण्याकडे होती. मी त्याला बोलावले.

“कजलियों का गेहूँ किसने निकाला?”

“मैंने ही, साहब जी। हर बोरे से।” स्वरात अभिमान होता.

“उसके बाद ताला किसने खोला?”

त्याने कमरेची किल्ली सोडून माझ्यापुढे ठेवली. पुढे त्याच्या जबाबावरून सिहोऱ्यातील एका व्यापाऱ्याच्या कोठारातून बियाणे जप्त झाले. न्यायालयाच्या आदेशाने, नमुना राखून, बाकीचे सुपूर्दनाम्यावर म्हणजे हमीपत्र घेऊन संस्थेस मिळाले आणि पेरणी साधली.

सभासदांनी जुन्या व्यवस्थापकांची क्षमा मागून किल्ली पुढे केली. ते म्हणाले, “नाही जी. एकट्याच्या हाती देऊन पाहिली ना? दोन कुलपं लावा. एक किल्ली या काकीजींकडं राहू द्या.”

“अच्छा! अब चौकीदारी भी हमीं से कराओगे?” असे म्हणत वृद्धेने किल्ली पदराला बांधली.

सहकारी संस्था कशाने तगतात, यावर मी पुष्कळ ऐकले आहे. सचोटीचा माणूस हवाच. परंतु त्याच्याही पाठीशी सभासदांचा नित्य वावर हवा. त्या गावी पुरुष सभेपुरतेच संस्थेकडे फिरकत. स्त्रियांनी मात्र गोदामाची वाट सोडली नव्हती. नर्मदामाईच्या कृपेने त्यांचे बोल माझ्या कानी पडले, आणि एक निरपराध गृहस्थ कारागृहाऐवजी स्वगृही परतला.