घरची साक्ष

अकोल्याहून फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या घरी आधार कार्डाची झेरॉक्स घडी करून खिशात ठेवत होतो. बडनेऱ्याहून सकाळची गाडी पकडायची होती. दिनकरच्या नव्या विश्वविक्रमाचा साक्षीदार म्हणून मला त्याच्या जठारपेठेतल्या घरी हजर राहायचं होतं. फोनवर शोभावहिनी होत्या. "भाऊ, तुमी या. पण आता घाई नका करू," त्या म्हणाल्या, आणि मग दिनकर गेल्याचं सांगितलं. मी ते ऐकलं, समजलं, आणि तरी गाडीत बसल्यावर खिसा चाचपून झेरॉक्स आहे ना ते पाहिलं... दीड महिना होत आला. अजूनही एखाद्या सकाळी मी निघायच्या तयारीने उठतो.

दिनकर मूळचा शेंदूरजनाघाटचा. अमरावतीच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहिलो. पुढे मी कॉलेजात इतिहास शिकवू लागलो, तो अकोल्याच्या कोर्टात वकिली करू लागला. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतलेली, त्यामुळे ध्यान वगैरे त्याच्या घरात नवं नव्हतं. याला मात्र बसणं जमेना. डोळे मिटले की समोर पक्षकार उभे राहतात, अशी त्याची तक्रार होती. पन्नाशी उलटल्यावर त्याला स्वतःचा मार्ग सापडला, तो विश्वविक्रमांचा. पहिला विक्रम काठोकाठ भरलेला पेला डोक्यावर ठेवून उलटं चालण्याचा. "मन हाललं का पाणी सांडते, प्रोफेसर. इतका खरा गुरू मले भेटलाच नाई," तो म्हणाला. गुरू मेडलही देतो हे मी प्रथमच ऐकत होतो, आणि तसं मी त्याला सांगितलं.

विक्रमांची नोंद करणाऱ्या त्या संस्थेच्या नावात 'विश्व' होतं आणि पत्ता एका दुकानाच्या वरच्या मजल्याचा होता. तिचं प्रमाणपत्र त्याने सोनेरी चौकटीत घालून बैठकीत लावलं. अहंकार गळावा म्हणून जो चाललाय, त्याने ते भिंतीवर कशाला टांगावं, असं मी एकदा विचारलं. तो चिडेल असं वाटलं होतं. तो हसून म्हणाला, "रोज दिसावं म्हणून. पाह्यलं का अजून छाती फुगते. ज्या दिवशी फुगनार नाई, त्या दिवशी काढीन." वकिलाशी वाद घालू नये हे मला वसतिगृहापासून ठाऊक होतं.

मग संत्रं आलं. चाकूने संत्र्याची साल एकसंध, न तोडता, जितकी बारीक तितकी लांब काढायची. आपल्या संत्र्याची साल ढिली असते, चाकूखाली सरकते. मोसंबीवर कोणीही करेल, असं तो जरा तुच्छतेने म्हणायचा. या विक्रमांचा एक नियम होता, साक्षीदार नात्यातला चालत नाही. दिनकरला तो मनापासून पटलेला, कारण घरच्या साक्षीदाराला कोर्टात कोण विचारतं हे त्याने आयुष्यभर पाहिलेलं. म्हणून मी अमरावतीहून जायचो आणि वहिनींना आत पाठवलं जायचं. व्हिडिओत नातेवाइकाचा हातसुद्धा दिसू नये म्हणून त्या चहाचा ट्रे दाराशी ठेवून मागे फिरत. "आमी तं या घरात पंचनाम्याच्या बाहेरचे," त्या मला एकदा म्हणाल्या. हसतच म्हणाल्या.

गेल्या हिवाळ्यात अमरावतीच्या एका मंडळाने त्याच्यासाठी हॉल घेतला. फ्लेक्स लागला, ताशा आला, पाहुण्यांची वाट बघण्यात संत्रं जवळजवळ सुकलं. साल टेबलाखाली उतरून फरशीवर वेटोळं घालू लागली होती, जुना आकडा मागे पडणार हे सगळ्यांना दिसत होतं, आणि नेमके तेव्हा प्रमुख पाहुणे फोटोसाठी उठले व त्यांनी दिनकरच्या खांद्यावर आशीर्वादाचा हात ठेवला. साल तुटली. मी संतापलो. दिनकरने संत्रं सोलून पहिली फोड पाहुण्यांना दिली. रात्री त्याला घरी सोडायला मीही अकोल्याच्या गाडीत बसलो. मूर्तिजापूर मागे पडल्यावर तो म्हणाला, "साल तुटली त्याचं काई नाई. पाहुणे उठून राहिले हे मले दिसलं कसं? माहं ध्यान संत्र्यावर नव्हतंच, लेका."

त्यानंतर ठरलेला प्रयत्न त्या सकाळचा. मी पोचलो तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं आणि तो बैठकीत चादरीखाली होता. वर प्रमाणपत्राच्या खिळ्याला संत्र्याची एक लांब साल लटकत होती, केशरी, अजून ओली. सोनेरी चौकट मोरीजवळ पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून पडली होती.

वहिनींनी नंतर सांगितलं. तो उजाडायच्या आधी उठला. कॅमेरा पिशवीतच ठेवला. वहिनी सवयीने आत निघाल्या तर त्याने खुर्ची ओढली. "बस इथं. आज तू पाह्य," म्हणाला. त्यांनी नियमाची आठवण दिली, भाऊ येऊन राहिले म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "येऊ दे त्याले. संत्री पडली आहेत अजून." साल काढून झाली, त्याने ती खिळ्याला लावली, चहा मागितला. चहा येईपर्यंत खुर्चीत मान कलली होती... एवढंच.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष आले. मरणोत्तर विक्रम, मोठा कार्यक्रम, सगळं त्यांच्या डोक्यात तयार होतं. साक्षीदाराची एक सही तेवढी हवी. "सर, तुमी येनारच होते ना? दोन घंट्यांचा तं फरक," ते मला म्हणाले, आणि पेनही पुढे केला. आयुष्यात प्रथमच मला दिनकरची विक्रमात नोंद व्हावी असं मनापासून वाटत होतं, आणि खिशात ती झेरॉक्स अजून होती. मी काही बोलायच्या आत वहिनी शांतपणे म्हणाल्या, "यायनं नाई पाह्यलं. म्या पाह्यलं." अध्यक्षांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, की ताई, तुमचं चालत नाही. "मालूम आहे," वहिनी म्हणाल्या. "त्यायलेबी मालूम होतं."

पेन परत खिशात गेला.

परवा पुन्हा अकोल्याला गेलो. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. साल आता तपकिरी, कडक झाली आहे, आखडून बरीच आखूड दिसते. ती मोजण्यात आता काही अर्थ नाही, आणि तेव्हा कोणी मोजली नव्हती. वहिनींनी पाणी दिलं, आतून वारा घ्यायला पुठ्ठा आणून माझ्या हातात दिला आणि त्या सकाळी दिनकरने ओढून दिलेल्या खुर्चीवर बसल्या. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. डोक्यावर पंखा होता, वीजही होती. मी बटणाकडे हात नेला आणि सालीकडे पाहून मागे घेतला. बैठकीतला पंखा त्या दिवसापासून कोणी लावलेला नाही. एप्रिलात, अकोल्यात.