जावेला दिलेल्या गोळ्या

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझ्या हातातली गोळ्यांची बाटली घेतली, तिच्यावरची चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "ह्यावर नाव तुमचं आहे. मग गोळ्या हिनं कशा खाल्ल्या?"

खाटेवर माझी धाकटी जाऊ चंद्रा धापा टाकत पडली होती. ओठ निळे पडलेले. मी म्हटलं, मीच दिल्या. तेव्हा त्यांनी सांगितलं, ह्या अँफेटामिनच्या गोळ्या. म्हणजे भूक मारणारं आणि थकल्या बैलाला पराणी टोचावी तसं अंगाला पळवणारं औषध. चंद्राच्या व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे काळजाच्या झडपेत, जुना दोष आहे. असल्या काळजाला हे सोसत नाही. "आजचा दिवस निघाला तर बघू," एवढं बोलून ते पुढच्या खाटेकडे गेले.

आम्ही वडगावचे विणकर. लढाईची वर्षं होती. तिसऱ्या बाळंतपणानंतर माझं अंग लई सुटलं, मागाखाली पाय सोडून बसायच्या खड्ड्यात उतरायचं म्हणजे गुडघे कुरकुरायचे. आमच्या ह्यांनी मला लष्कराच्या कॅम्पातल्या एका डॉक्टरकडे नेलं. त्यानं जीभ बघितली, पोटाचा घेर बघितला आणि चिठ्ठी खरडली. ब्लडप्रेशर, म्हणजे रक्ताचा दाब, मोजायचं यंत्र टेबलावरच होतं. हात लावला नाही मेल्यानं. काळीज कसं आहे, झोप लागते का, काही विचारलं नाही. सकाळी एक गोळी, पंधरा दिवसांनी दाखवा, झालं. दुसऱ्या कुणाला देऊ नका, एवढं सांगायला काय त्याची जीभ झिजली असती?

गोळीनं भूक खरंच मेली. झोपही गेली, छाती धडधडायची. मला वाटलं, औषध लागू पडतंय.

तेवढ्यात नवरात्र बसलं. आमच्या घरी सुनांनी नऊ दिवस उपास धरायचा आणि मागही चालू ठेवायचा. तो थांबतो खंडेनवमीला, पूजेपुरता. चंद्रा मुळातच पाप्याचं पितर, दुसऱ्याच माळेला तिला भोवळ आली. आता आमच्यात जावेला न देता काही तोंडात टाकणं म्हणजे पाप. शेंगा असोत की गूळ, दोघींत वाटून खायचं. मी अर्धवट शहाणीनं गोळीही तशीच वाटली. सकाळी एक, दुपारी हात गळाले की आणखी एक, वर उपाशीपोटी कोरा चहा.

मग चंद्रा सुताचा धोटा इकडून तिकडं असा मारायची, की बघत राहावं. सासूबाई गल्लीभर सांगत सुटल्या, देवीनं माझ्या सुनांची भूकच काढून घेतली. बायका आमच्या पाया पडायला आल्या. आणि मी तोंड मिटून पाया पडून घेतलं. आजही आठवलं की माझाच मला संताप येतो. सातव्या माळेला चंद्रा मागावरच कलंडली.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तिला नीट बोलता यायला लागलं, तेव्हा तिच्याच तोंडून कळलं. लहानपणी सांधे सुजून ताप आलता, तेव्हाच तिचं काळीज कमजोर झालं होतं. लग्न मोडेल म्हणून माहेरच्यांनी झाकून ठेवलं.

"मग गोळी कशाला घेतलीस गं?"

"तू दिलीस म्हणून, आक्का. इचारलं असतंस तर तुला सांगितलं असतं."

कॅम्पातल्या डॉक्टरला तीन दिवस शिव्या घालत होते, आणि न विचारता औषध देणारी मीही त्याच्याच पंगतीतली.

चंद्रा वाचली, त्या मोठ्या डॉक्टरांचे उपकार. पण तिला खड्ड्यात उतरायची कायमची बंदी झाली. बायांनो, चिठ्ठीवर ज्याचं नाव त्यानंच गोळी खावी. आपलं जुनं दुखणं डॉक्टरनं विचारलं नाही तरी आपण सांगावं, छाती धडधडली की त्याच दिवशी गोळी थांबवून दाखवायला जावं. दाब मोजल्याशिवाय चिठ्ठी देणाऱ्याला खडसावून विचारा, लाजू नका.

पुढच्या वर्षी घट बसले त्या दुपारी घरात गल्लीतल्या बायका होत्या. मी दोघींची ताटं वाढली. सासूबाई हळूच म्हणाल्या, निदान ह्या बायका जाईस्तोवर तरी थांबा. मी चंद्राला हाताला धरून पाटावर बसवलं आणि सगळ्यांदेखत बोलले, "गेल्या साली हिची भूक देवीनं न्हाय, मी मारलती. माझ्या गोळीनं. जेव गं चंद्रा."

चंद्रानं भाकरी मोडली.