करंगळीच्या बाजूचं हाड

ग्रीसमधल्या प्रवेशाची मेल आली तेव्हा मी सौदीतल्या अल-खोबरच्या आमच्या फ्लॅटमध्ये होते. पुण्यातून बी.एस्सी. करून परत आले होते, आणि बाबांच्या मते आता माझं लग्न व्हायला हवं होतं. बाबा जुबैलच्या एका प्लांटवर कॉन्ट्रॅक्टरकडे सुपरवायझर. पहाटे कंपनीच्या बसने जायचे, संध्याकाळी पाचला यायचे. पाच वाजत आले की आई टीव्ही बंद करायची, चपला रांगेत लावायची आणि मला खोलीत जायला सांगायची. घरात आम्ही तिघंच.

जुन्या हाडांचा अभ्यास करायला अथेन्सला जाणार आहे, शिष्यवृत्ती मिळाली आहे, असं मी जेवताना सांगितलं. बाबांनी आधी घास संपवला. मग उठून माझा लॅपटॉप आणला आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर आपटला. एकदा आपटून तो फक्त वाकला, म्हणून पुन्हा आपटला. मी मध्ये गेले, तर माझी मान धरून त्यांनी माझं कपाळ फ्रीजच्या दारावर आपटलं. आई म्हणत होती, "अहो, शेजारी ऐकतील." इतकी वर्षं ती हे एकच वाक्य म्हणत आली होती आणि ते बहुतेक वेळा लागू पडायचं. त्या दिवशीही पडलं. बाबा म्हणाले, "खलास. विषय संपला."

विषय आईने संपू दिला नाही. पुढच्या शुक्रवारी रास तनुराच्या एका मराठी कुटुंबाकडे सगळे जेवायला जमले होते. बाबा पुरुषांच्या घोळक्यात असताना आईने बायकांना सांगून टाकलं की मुलगी युरोपात शिकायला चालली आहे. दहा मिनिटांत बाबांचे साहेब त्यांच्याशी हात मिळवत होते. घरी पोचल्यावर बाबांनी आईला मारलं, पण मला जाऊ दिलं. लोकांसमोर घेतलेलं अभिनंदन त्यांना परत करता येण्यासारखं नव्हतं.

अथेन्समध्ये मी सुटले असं मला वाटलं होतं. तिसऱ्या महिन्यात माझ्याबरोबर राहणाऱ्या मुलीने न विचारता माझं पातेलं वापरून करपवलं, तेव्हा मी तिचे केस धरून तिला भिंतीकडे ढकललं. ती रडली नाही, फक्त बघत राहिली. दुसऱ्या दिवशी ती दुसरीकडे राहायला गेली. मी माफी मागायला गेले तर तिने दार उघडलं नाही. बरोबरच केलं तिने. त्यानंतर मी एकटीच राहिले, आणि मला स्वतःची भीती वाटायची.

हाडांची प्रयोगशाळा तळघरात होती. आम्हाला शिकवणाऱ्या बाई साठीच्या, भरपूर सिगारेट ओढणाऱ्या. एका सकाळी त्यांनी टेबलावर एका बाईचा सांगाडा मांडला. शहराच्या वेशीबाहेरच्या एका जुन्या दफनभूमीतला, दोन हजार वर्षांहून जुना. वय चाळिशीचं. कोपरापासून मनगटापर्यंत हाताला दोन हाडं असतात. त्यातलं करंगळीच्या बाजूचं हाड बाईंनी उचललं आणि आमच्या हातात फिरवायला दिलं. मधोमध एक गाठ होती. मोडून पुन्हा सांधलेलं हाड.

"हे कसं मोडलं असेल?" बाईंनी विचारलं. कोणी म्हणालं पडून. बाई म्हणाल्या, पडताना माणूस तळवा टेकतो, मग मोडतं ते बहुधा मनगटापाशी आणि अंगठ्याच्या बाजूचं हाड. मग काही न सांगता त्यांनी टेबलावरची लाकडी पट्टी उचलली. ती त्यांनी अजून उगारलीही नव्हती. माझा डावा हात आपोआप तोंडासमोर गेला आणि मी खुर्चीसकट मागे सरकले. वर्गात कोणीच हललं नव्हतं.

बाईंनी पट्टी हळूच खाली ठेवली. माझ्याकडे न बघता सगळ्यांना म्हणाल्या की अशा आडव्या धरलेल्या हातावर काठी बसली की हाड इथे मोडतं. एकच मोड असेल तर अपघातही असू शकतो, घाई करायची नाही. पण या बाईच्या तीन बरगड्याही मोडून सांधलेल्या आहेत, आणि तिन्ही वेगवेगळ्या वेळी.

मी ते हाड हातात धरून बसले. मी सातवीत असताना आईचा डावा हात महिनाभर प्लास्टरमध्ये होता. बाथरूममध्ये पाय घसरला, असं तिने मला, शाळेच्या बसमधल्या बायकांना आणि फोनवर मावशीला सांगितलं होतं. तो हात धरून तिला बांगड्या भरताना कोपर आणि मनगटाच्या मधोमध एक उंचवटा लागतो. माझी बोटं लहानपणापासून त्याच्यावरून फिरली होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत खोबरला गेले. शुक्रवारची सकाळ होती, बाबा हॉलमध्ये होते. आई आंबोळ्या काढत होती. मी तिच्या शेजारी उभी राहून हळू आवाजात विचारलं, "आई, तुझा हात बाथरूममध्ये पडून नव्हता ना मोडला?"

तिने तव्यावर पीठ पसरलं, झाकण ठेवलं. "बाथरूममध्येच मोडला," ती म्हणाली. "लादी पुसायच्या वायपरने. तू शाळेत होतीस."

बाबा कधी दारात येऊन उभे राहिले ते कळलं नाही. ते म्हणाले, "हे शिकवतात तिकडे? आईबापाची हाडं मोजायला?" मी वळेपर्यंत त्यांनी माझे केस धरले होते. त्यांनी मला दाराच्या चौकटीवर आपटलं, एकदा, मग पुन्हा. भुवई फुटली, डोळ्यात रक्त उतरलं आणि समोरचं लाल दिसायला लागलं. मी चौकट धरून खाली सरकत होते. "अहो, शेजारी ऐकतील" हे वाक्य येईल म्हणून मी वाट बघत होते. ते आलं नाही.

आईने झाकण बाजूला केलं, तव्याचा दांडा धरला आणि आंबोळीसकट तो तवा माझे केस धरलेल्या बाबांच्या हातावर मारला. बाबा ओरडले. केस सुटले. त्यांनी हात छातीशी धरला, तर आईने तवा त्याच हातावर दाबला आणि दाबून ठेवला. जळक्या कातडीचा आणि नारळाच्या तेलाचा एकत्र वास आला. बाबा फ्रीजला टेकून खाली बसले. आईने तवा पुन्हा डोक्यावर उचलला. तिचा चेहरा शांत होता, पीठ ढवळताना असतो तसा. मी तिचा हात धरला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तवा गॅसवर ठेवून दिला. गॅस बंदही केला.

मी टॅक्सी बोलावली आणि तिघं हॉस्पिटलमध्ये गेलो. इमर्जन्सीत हैदराबादचा डॉक्टर होता. त्याने हिंदीत विचारलं, हे कसं झालं? मी आईकडे पाहिलं, आईने बाबांकडे. बाबा जमिनीकडे बघत म्हणाले की नाश्ता करताना तवा हातावर पडला. आणि मुलीचं? मुलगी पळत आली, दारावर आपटली. डॉक्टरने तेच लिहून घेतलं. माझ्या भुवईला पाच टाके पडले.

घरी आल्यावर आई बाबांना म्हणाली, "मला रि-एंट्री काढून द्या. मी बहिणीकडे जाते." सौदीतून बाहेर पडून ठरलेल्या मुदतीत परत यायची ही परवानगी बाबांच्या फोनवरूनच निघणार होती, कारण तिचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, त्यांच्या नावावर होता. पासपोर्टही त्यांच्याच कपाटात होता. त्यांच्या उजव्या हाताला बँडेज, म्हणून आई त्यांना भात कालवून द्यायची आणि ते चमच्याने डाव्या हाताने खायचे. तिने त्यांना भरवलं नाही. पाचव्या दिवशी त्यांनी डाव्या अंगठ्याने चाचपडत परवानगी काढली आणि पासपोर्ट टेबलावर ठेवला. का काढली, ते मला आजही नीट कळलेलं नाही. लाज वाटली असेल, किंवा ज्या घरात ती तवा तापवते त्या घरात झोप लागत नसेल.

दम्मामच्या विमानतळावर ते सोडायला आले नाहीत. परतीची मुदत संपली तेव्हा आई चिपळूणला मावशीकडे होती. ती तिथेच आहे. बाबा अजून जुबैलला जातात. महिन्यातून एकदा मला फोन करतात, अभ्यास कसा चाललाय विचारतात. त्या शुक्रवारबद्दल एक शब्द नाही. मी उत्तर देते आणि फोन ठेवते.

आईला वाटतं की मी तेव्हा तिचा हात धरून तिला वाचवलं. मावशीलाही ती तसंच सांगते. तिला मी खरं सांगितलेलं नाही. तवा वर गेला तेव्हा, तो खाली यावा असंच मला वाटत होतं, डोक्यावर, पूर्ण ताकदीने. तरी माझा हात पुढे गेला. का गेला, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारते आणि प्रत्येक वेळी वेगळं उत्तर देते.