आईचा पासवर्ड मोबाईलवाल्याला तोंडपाठ

पासवर्डमध्ये एखादं खास चिन्ह हवंच, असं बँकेचं ॲप बजावतं. पण ते चिन्ह कीबोर्डवर कुठे असतं, हे माझ्या आईला कोणी सांगायचं? कोण सांगणार, हे मला खरंच माहीत नाही.

आज सकाळी आई पासवर्ड विसरली, तर तिने आमच्या गढ़ा मोहल्ल्यातल्या मोबाईल दुकानदारालाच फोन लावला. त्याने तो धडाधड सांगितला!

मी तडक दुकानात गेले. तो हसून म्हणाला, "दीदी, गुस्सा काहे? आंटी लोगों से @ ढूँढते नहीं बनता. मैं सबका एक ही रख देता हूँ."

सबका! म्हणजे अख्ख्या मोहल्ल्याचा!

घरी येऊन ओरडले, तर आई म्हणाली, "माझ्यावर काहून चिडून राहिली? सगळी अक्षरं पाहिली मी, ते चिन्ह कुठंच नाही."

नाहीच दिसणार. ते १२३ लिहिलेल्या बटणामागे दडवलंय. आकड्यांमागे चिन्ह शोधायचं, हे कोणाला सुचेल? आणि अडाणी मात्र आई ठरते!

तुमच्या आईचा पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे? विचारून बघा.

दुपारी मी आईला ते बटण दाखवलं आणि तिच्याकडे पाठ करून बसले. नवा पासवर्ड तिने स्वतः टाकला. तो मलाही माहीत नाही.