पाण्याला दाखवलेली गाडी

“इंजिन आजारी पडलं का मला झोपेतबी कलतं,” दामू तामोरे एकदा म्हणाला होता. दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर, जाळं सांधता सांधता, कुणी विचारलं नसताना. त्यात बढाई नव्हती. अकरा वर्षं तो भावाच्या बोटीवर इंजिनापाशी बसला होता. वर माणसं जाळी ओढत, शिव्या देत; खाली धुरात दामू कान लावून बसलेला. एखादा नट सैल झाला तरी त्याला आधी ऐकू येई. त्या धुरानेच त्याची छाती धरली आणि समुद्र सुटला.

एकोणनव्वद साली त्याने बोटीतला आपला हिस्सा विकून पालघरच्या शोरूममधून डिझेलची नवी व्हॅन घेतली. बायको जमना लिलावात मासळी उचलणार, दामू ती बोईसरच्या बाजारात आणि तारापूरच्या वसाहतीत नेणार. पाटीला वास येतो म्हणून जमनेला एसटीतून उतरवणाऱ्या कंडक्टरचं तोंड तिला पुन्हा बघावं लागणार नव्हतं.

गाडी घरी आली त्या दिवशी जमना म्हणाली, “अवो, आदी पान्याला दाखवा तिला.”

गावात नवी होडी तशीच दाखवतात. गाडी काय वेगळी? ओहोटीच्या कडक वाळूवरून दामूने ती फेसापर्यंत नेली. पुढची चाकं टाचभर भिजली. जमनेने नारळ फोडला, बंपरला हळद लावली. जवळच्याच माहीम गावच्या फोटोवाल्याने फोटो काढला, आणि तो दामूने स्टिअरिंगशेजारी चिकटवला. देवाच्या फोटोहून तो त्याला जास्त आवडे.

तीन आठवड्यांत त्याच्या कानाला आवाज लागला. टक, टक, इंजिनाच्या खोल पोटातून. चढावर जास्त, थंड असताना कमी. पहिल्या फुकट सर्व्हिसिंगला बोईसरच्या वर्कशॉपमध्ये त्याने सांगितलं, “तेल वर चढत नाय. बेरिंग सुकी चालतात.”

मॅनेजर हसला. “तामोरे, ही बोट नाही. नवीन इंजिन आहे, बसायला वेळ लागतो.”

“बसंल तवा कायमचंच बसंल, सायेब.”

दुसऱ्या वेळी तेच, तिसऱ्या वेळी तेच. दर वेळी गाडी धुऊन, सीटवर कागद अंथरून परत मिळे, आणि काउंटरवर इंग्रजी कार्डावर सही मागत. दामूला सही येत होती. कार्डावर काय लिहिलंय ते फार उशिरा कळलं: आवाज आढळला नाही, ग्राहक समाधानी. तीनदा समाधानी, तीन तारखांना.

पाचव्या महिन्यात बोईसरच्या वाटेवर, उमरोळीच्या पुढे, इंजिन जाम होऊन बंद पडलं. मागे बर्फात पापलेट होतं. जमना रस्त्याच्या कडेला पाट्या मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला मिळेल त्या भावाने मासळी देत राहिली, आणि दामू बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. गावात रंभाबाईने विचारलंच, “जमने, गाडीला ओहोटी लागली का गं?”

वॉरंटी वर्षाची होती. नवं इंजिन मिळायला हवं होतं. पण गाडी ओढून आणली त्या दिवशी मॅनेजरची नजर स्टिअरिंगशेजारच्या फोटोवर गेली.

“हे कुठे?”

“आमच्या गावाला. पान्याला दाखवली ना,” दामू म्हणाला. कौतुकाने म्हणाला. चाकं कुठवर भिजली तेही हाताने दाखवलं.

मॅनेजरने नखाने फोटो सोडवला आणि फाइलला टाचला. आठ दिवसांनी उत्तर आलं: मालकाने वाहन समुद्रात नेले, इंजिनात खारे पाणी शिरले, दावा नामंजूर. माणसाने स्वतःच्या आनंदाचा पुरावा स्वतःच आणून द्यावा आणि त्याच पुराव्याने बांधलं जावं, याला कोर्टकचेरीही लागत नाही. एक टाचणी पुरते.

वर्कशॉपमध्ये एक माणूस होता, फोरमन रामनाथ. इंजिन त्यानेच खोललं होतं. रविवारी तो सायकलने दातिवऱ्याला आला, जमनेच्या हातचं बोंबलाचं कालवण दोनदा मागून जेवला आणि ताटात हात धुता धुता म्हणाला, “दामूदादा, पाणीबिणी काही नाही. तेलाचा पंप फॅक्टरीतूनच खराब आलाय. गुरुवारी कंपनीचे साहेब येतायत. त्यांनी मला विचारलं की मी सांगतो.”

“सांगशील ना रं?”

“पोरांची शपथ.”

गुरुवारी दामूने पांढरा सदरा घातला. वर्कशॉपच्या टेबलावर पत्र्याच्या ट्रेमध्ये इंजिनाचं तळचं तेल ठेवलं होतं, काळं, मधे झिजलेल्या बेरिंगचा चकाकणारा पितळेचा चुरा. कंपनीचा साहेब फाइल चाळत होता. फोटोपाशी थांबला.

“समुद्रात कशाला नेली?”

“सायेब, चाकं भिजली नुसती. इंजिनात पानी गेलं का तेल दुधावानी होतं. ह्ये बगा, काळं हाय.” दामूने ट्रेमध्ये बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. “खारं नाय. जन्म खाऱ्यात गेला माझा, मला नाय कलणार? तुमी बगा.”

त्याने ट्रे पुढे सरकवला. साहेबाने खुर्ची मागे घेतली. मॅनेजर हसू दाबत म्हणाला, “सर, हे लोक असेच.”

साहेब तितका वाईट नव्हता. त्याने पेन खाली ठेवलं. “इंजिन कोणी खोललं?”

“मी, सर.” रामनाथ पुढे आला. चिंधीने हात पुसत होता, पुसलेलेच हात पुन्हा.

“काय सापडलं? पंप खराब होता?”

दामूने श्वास रोखला. धुरामुळे छातीत वाजणारी शिट्टी थांबली. रामनाथने मॅनेजरकडे पाहिलं नाही, तशी गरजच नव्हती; मॅनेजर त्याच्याकडे पाहत होता.

“पंप ठीक होता, सर.”

“मग?”

“पाणी,” रामनाथ म्हणाला. “समुद्राचं.”

साहेबाने पेन उचललं. दामू रामनाथकडे बघत राहिला. शिव्या तोंडात येऊन दाटल्या असतील, जमनेच्या कालवणाचीही आठवण करून देता आली असती. रामनाथचा आवाज मात्र त्याने नीट ऐकला होता, आणि कुठे काय तुटलंय ते त्याला कळलं होतं.

मॅनेजरने सहीसाठी कार्ड पुढे केलं. दामूने तेलाचं बोट पांढऱ्या सदऱ्याला पुसलं, कार्डाकडे न बघता वळला आणि बाहेर चालू लागला.